पिशव्या नकोत, आधी सांगा

मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांना अलीकडे डेव्हलपर मंडळींचं फार कौतुक आलं आहे. त्यांना धरून ठेवायला कंपन्यांत वेगळी माणसं असतात, ‘डेव्हलपर रिलेशन्स’ नावाचं खातंच असतं. बंगळूर, हैदराबाद, पुण्यात परिषदा भरतात. गळ्यात ओळखपत्राची फीत अडकवलेली पोरं टी-शर्टासाठी रांग लावतात, लॅपटॉपच्या झाकणावर स्टिकर चिकटवतात. हिंजवडीत नोकरीला होतो तेव्हा मीही हौसेनं जायचो. तिथल्या कापडी पिशव्या अजून घरात आहेत. एका जगप्रसिद्ध कंपनीच्या पिशवीतून आई बाजारच्या दिवशी मेथी-कोथिंबीर आणते. पिशवी टिकाऊ आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. २०२० च्या टाळेबंदीत मी बेंबळीला परत आलो आणि इथंच राहिलो. धाराशिव तालुक्यातलं हे गाव सोयाबीनचं, तुरीचं आणि दुधाचं. दूध संकलन केंद्रं आणि एखादी शेतकरी उत्पादक कंपनी यांची लहान सॉफ्टवेअर लिहून माझं घर चालतं. गिऱ्हाईक पंचक्रोशीतलं, पण माल बाहेरचा. नकाशा एका कंपनीचा, मेसेज पाठवायची सोय दुसरीची, ऑनलाइन पैसे घ्यायची तिसरीची आणि ॲप ठेवायचं दुकान चौथीचं. लोक ज्याला ‘बेंबळीच्या पोराचं ॲप’ म्हणतात, त्यातलं माझं स्वतःचं फार तर चार आणे. उरलेले बारा आणे ज्यांचे, ते कसे वागतात यावर गावातली माझी पत ठरते. परिषदेच्या व्यासपीठावरून बोलणाऱ्याला डेव्हलपर दिसतो, पण डेव्हलपरच्या मागं उभा असलेला दुधाचा कॅन दिसत नाही.

तो कॅन जवळून पाहावा. केंद्रावर पहाटे सहाच्या सुमाराला गर्दी सुरू होते. दूध मापलं जातं, थोडासा नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) पडद्यावर उमटतं, त्यावरून दर लागतो आणि पावती निघते. त्याच वेळी शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज जातो : किती लिटर, किती फॅट, काय दर. दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो तेव्हा घरची बाई या मेसेजांवरून हिशेब लावते आणि तिचा हिशेब सहसा चुकत नाही. हा मेसेज आम्ही मराठीत पाठवतो. इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं. ‘दूध’ लिहिलं की तीन अक्षरं खर्ची पडतात. इंग्रजीत एका मेसेजमध्ये मावणारा मजकूर मराठीत दोन-तीन मेसेजचे पैसे खातो. यामागं तांत्रिक कारण आहे, कुणी मुद्दाम केलेलं नाही. पण ही गोष्ट दरपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलेली मला क्वचितच दिसली. बिल आल्यावर कळते.

मार्च २०२१ मध्ये याहून मोठी गंमत झाली. फसव्या मेसेजना आळा घालायला दूरसंचार नियामक ट्रायनं २०१८ मध्ये नियम केले होते. मेसेज पाठवणाऱ्यानं स्वतःची आणि मजकुराच्या साच्याची आधी नोंदणी करायची, नोंद नसलेला मेसेज दूरसंचार कंपनीनं वाटेत अडवायचा. काटेकोर अंमल ८ मार्च २०२१ ला सुरू झाला आणि देशभर बँकांचे ओटीपीसुद्धा अडकून पडले. शेवटी ट्रायला आठवडाभर अंमल थांबवावा लागला. बँकांची ही गत, तिथं दूध केंद्राला कोण विचारतो? मी ज्यांच्याकडून मेसेजची सेवा घेत होतो ती कंपनी बरीच मोठी होती. तिच्याकडून आलेल्या सूचनेत मराठी साच्यांचं काय करायचं याचा पत्ताच नव्हता. विचारलं तर तक्रारीला क्रमांक मिळाला, उत्तर मिळालं नाही. इकडं मेसेज बंद आणि केंद्राच्या चेअरमनचा फोन : ‘‘आरं, दोन दिवस झालं, मानसं इचारायलेत, दूध लिहून घेतलंय का न्हाई म्हणून.’’

सोडवलं ते एका लहान कंपनीतल्या पोरानं. मी त्याचं गिऱ्हाईकही नव्हतो, नुसती चौकशी केली होती. रात्री साडेनऊला त्यानं फोन केला. साच्यात शेतकऱ्याचं नाव, लिटर आणि दर बदलते ठेवायचे ते कसे लिहायचे, मजकूर मराठी आहे हे अर्जात नेमकं कुठं निवडायचं, हे एकेक करून सांगितलं आणि नोंदणी होईपर्यंत फोन ठेवला नाही. मी त्यांच्याकडं गेलो आणि आजही तिथंच आहे. त्यांचा दर इतरांपेक्षा जास्त आहे हे मला माहीत आहे. त्या पोराच्या हुद्द्यात ‘रिलेशन्स’ हा शब्द असेल असं मात्र वाटत नाही.

असं नातं आमच्याकडं नवं नाही. आमच्या भागातला शेतकरी सोयाबीन घेऊन लातूरला जातो तेव्हा बहुतेक वेळा वडिलांच्याच आडत्याकडं उतरतो. आडत्या काही संत नव्हे. तो आपली आडत घेतो, उचल दिली असेल तर व्याज धरतो, वजनावरून कधीमधी कटकटही होते. तरी शेतकरी रोज नवं दार शोधत नाही. हा माणूस कुठं बसतो ते त्याला ठाऊक असतं, आणि उद्या हमालांचा संप आहे, सौदे होणार नाहीत, हे आडत्या आदल्या दिवशी फोन करून सांगतो. टेम्पो भरून लातूर गाठल्यावर बाजार बंद दिसला तर भाडं कुणी भरायचं? एवढं जपलं की बाकीचं खपून जातं. जगातल्या हुशार कंपन्यांचं अडतं ते इथंच.

ट्विटरचं घ्या. २ फेब्रुवारी २०२३ ला कंपनीनं जाहीर केलं की बाहेरच्या प्रोग्रॅमना फुकट मिळणारी वाट ९ तारखेपासून बंद. मुदत एका आठवड्याची. पुढं ती थोडी लांबली, पण हवामानाचे इशारे आपोआप देणाऱ्या खात्यांपासून संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांची धांदल उडायची ती उडालीच. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला युनिटीनं कहर केला. मोबाईलवरचे असंख्य गेम या कंपनीच्या इंजिनावर बनतात. तिनं सांगितलं की जानेवारीपासून, ठरावीक मर्यादा ओलांडली की, गेम जितक्या वेळा फोनवर उतरवला जाईल तितक्या वेळा शुल्क लागेल. आधीच बनवून बाजारात आणलेले गेमही त्यात आले. डेव्हलपर खवळले. दहा दिवसांत माफीची भाषा आली, ऑक्टोबरात प्रमुख जॉन रिचिटिएलो पायउतार झाले आणि घोषणेनंतर बरोबर वर्षानं, सप्टेंबर २०२४ मध्ये, शुल्क रद्दच झालं. पैसा आला नाही, माणसं तेवढी दुखावली. काहींनी गोडो नावाच्या मुक्त इंजिनाची वाट धरली. वर्षं घालवून नवं इंजिन शिकलेला माणूस माफीनाम्यावर परत येत नसतो.

दर वाढवू नयेत असं माझं म्हणणं नाही. धंदा आहे, वाढतील. जुलै २०१८ मध्ये गुगलनं नकाशाचे दर बदलले. आधी दिवसाला २५ हजार वेळा नकाशा फुकट दाखवता यायचा. नंतर महिन्याला २०० डॉलरची सूट आली, म्हणजे साधारण २८ हजार वेळा, तेही अख्ख्या महिन्यात. भारतासाठी दर खाली आले ते ऑगस्ट २०२४ मध्ये, काही सेवांचे ७० टक्क्यांपर्यंत, आणि बिल रुपयांत भरायची सोय झाली. त्याच्या महिनाभर आधी टॅक्सीवाल्या ओलानं गुगलचा नकाशा सोडल्याचं जाहीर केलं होतं आणि स्वतःचा नकाशा डेव्हलपरांना वर्षभर फुकट देऊ केला होता. या दोन गोष्टींचा संबंध ज्यानं त्यानं लावावा. मी एवढंच पाहिलं की समोर दुसरं दुकान उघडलं की डेव्हलपरवरचं प्रेम दरपत्रकात उतरतं.

ॲपच्या दुकानाचं मात्र तसं नाही. भारतातले बहुसंख्य फोन अँड्रॉइडवर चालतात आणि सामान्य माणसाला ॲप म्हटलं की गुगलचं प्ले स्टोअरच आठवतं. त्या दुकानात पैसे घेण्याची स्वतःचीच पद्धत लादल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑक्टोबर २०२२ ला गुगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात तो पुढं बराच घटला. १ मार्च २०२४ ला शुल्काच्या वादातून नोकरी, ९९एकर्स, शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमनी अशी घराघरात माहीत असलेली ॲपं दुकानातून काढली गेली. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी हे चालू देणार नाही असं जाहीरपणे सांगितलं, बैठक झाली, चार-पाच दिवसांत ॲपं परत आली. गुगलची बाजू अशी की या कंपन्यांना तयारीसाठी तीन वर्षांहून अधिक वेळ दिला होता. ती बाजू मी उडवून लावणार नाही, मुदत ही मुदतच. पण त्या कंपन्यांसाठी मंत्री फोनवर आले. बेंबळीच्या ॲपसाठी सरपंच येतील फार तर, आणि त्यांनी फोन करायचा कुणाला?

त्याच दुकानाचा आणखी एक नियम आहे, बातम्यांत फारसा न आलेला. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खातं उघडणाऱ्या डेव्हलपरला ॲप लोकांपुढं आणण्याआधी किमान २० जणांकडून सलग १४ दिवस ते तपासून घ्यावं लागायचं. नियमामागचं कारण मला पटतं. कर्ज देणाऱ्या बनावट ॲपांनी देशभर माणसांना किती छळलं, फोनमधले नंबर आणि फोटो उचलून नातेवाइकांपुढं कशी बदनामी केली, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. दारावर तपासणी हवीच. पण वीस माणसं हा आकडा कुठं बसून ठरवला असेल याचा अंदाज येतो. पुण्यातल्या कंपनीत चहाच्या सुट्टीत वीस जण मिळतात. खेड्यात प्रत्येकाचं जीमेल खातं लागतं म्हटल्यावर पहिलं उत्तर येतं, ‘‘ते मोबाईलवाल्यानं काढून दिलंय.’’ खात्याचं नाव काय, पासवर्ड काय, हे फक्त तालुक्याच्या मोबाईल दुकानदाराला ठाऊक, आणि त्यानं नवा फोन विकताना जुनं खातं सोडून नवं उघडलेलं. डिसेंबर २०२४ मध्ये वीसचे बारा झाले. डेव्हलपरांनी वर्षभर ओरड केली होती. म्हणजे कान आहेत, पण ते वर्षभरानं उघडतात.

युरोपनं अशा अचानक बदलांवर साधा उपाय काढला होता. तिथं जुलै २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार अशा बाजारपेठा चालवणाऱ्या कंपनीला अटी बदलायच्या असतील तर किमान १५ दिवस आधी कळवायचं. एखाद्याची सेवा पूर्ण बंद करायची असेल तर ३० दिवस आधी कारणांसह लेखी सांगायचं. मोठ्या कंपन्यांनी तक्रार ऐकण्याची व्यवस्थाही ठेवायची. आपल्याकडं मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला. त्यावरून महाकाय कंपन्या आणि मोठी स्टार्टअप मंडळी यांच्यात भांडण लागलं. त्यांचं भांडण मिटेपर्यंत लहान डेव्हलपरनं ताटकळायचं कारण नाही. कारणासह आगाऊ नोटीस आणि यंत्राऐवजी माणसानं दिलेलं उत्तर, एवढं एक पान वेगळं काढून आधी लागू करता येईल. त्यानं कुठल्याही कंपनीचं दिवाळं निघणार नाही.

आणि हिशेबाला दुसरी बाजूही आहे. कंपन्या डेव्हलपरकडून फुकट किती घेतात? डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या एका छोट्या घटकात भगदाड सापडलं. जगभरच्या बँका, विमान कंपन्या, सरकारी खाती त्यावर चालत होती आणि तो सांभाळणारे होते मूठभर स्वयंसेवक, आपापली नोकरी करून उरलेल्या वेळात. हिंजवडीतले माझे मित्र त्या आठवड्यात रात्रभर ऑफिसच्या कॉलवर होते आणि बरेच जण त्या स्वयंसेवकांवर चिडलेले होते! ज्याला कधी एक रुपया दिला नाही त्याच्यावर हक्कानं चिडायचं, हा या धंद्यातला जुना रिवाज. तो मोडणारं एक पाऊल आपल्याकडं पडलं. शेअर दलाली करणाऱ्या झेरोधानं ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. देशातल्या बड्या आयटी कंपन्यांची उलाढाल पाहिली तर ही रक्कम त्यांच्या एखाद्या वार्षिक सोहळ्याच्या खर्चात बसावी. तरी पहिला नंबर त्यांचा लागला नाही.

मुंबईच्या फ्रॅपेचं उदाहरण मला अधिक जवळचं वाटतं, कारण त्यांचं ईआरपीनेक्स्ट हे हिशेब-साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर मी रोज वापरतो. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केलेली ही कंपनी. सॉफ्टवेअरचा सगळा कोड उघडा. कुणीही घ्यावा, बदलावा, आपल्या सर्व्हरवर चालवावा. आमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामाची आवक-जावक मी त्याच्यावर बसवली आहे : पोत्यांची नोंद, ओलावा, सभासदांची देणी. कंपनीनं उद्या दर बदलले किंवा धोरण बदललं तरी गोदामाचा हिशेब बंद पडत नाही, कोड माझ्याकडं आहे. मी हवं तेव्हा निघून जाऊ शकतो हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळं आमचं बरं चाललं आहे. ज्या नवऱ्याला बायको माहेरी जाईल ही धास्ती असते तो जरा नीट वागतो, असं आमच्या चावडीवर म्हणतात. चावडीवरची सगळीच मतं मला मान्य नाहीत, हे मात्र कबूल.

उघडेपणाचा दुसरा फायदा सप्टेंबर २०२३ मध्ये दिसला. उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं आणि आमच्या प्रोग्रॅममधल्या पत्त्यांचा खेळखंडोबा झाला. एका सेवेच्या यादीत उस्मानाबाद, दुसरीत धाराशिव, तिसरीत दोन्ही. एकीकडून आलेला पत्ता दुसरीकडं जुळेना, सभासदांचे अर्ज परत येऊ लागले. नाव बदलावं की नाही यावर गावात दोन तट असतील, पण अर्ज दोन्ही तटांचे परत आले! ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावर अशी दुरुस्ती खातं उघडून कुणीही करू शकतो. जिल्ह्यांच्या एका मुक्त यादीत मी बदल सुचवला, तर ती यादी सांभाळणाऱ्या कुण्या अनोळखी माणसानं राजपत्राचा दुवा मागितला आणि तपासून बदल घेतला. एका बड्या कंपनीच्या अर्जात मी तेच लिहिलं. ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं तत्काळ उत्तर आलं. त्यांच्या यादीत मी अजून उस्मानाबादचाच आहे.

आता पुढचा बदल दारात आहे. गुगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की अँड्रॉइड फोनवर दुकानाबाहेरून टाकलेलं ॲपसुद्धा ओळख पटवलेल्या डेव्हलपरचंच असावं लागेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून, बाकी जगात २०२७ पासून. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी सवलत देऊ असं कंपनीनं सांगितलं, टीका झाल्यावर जाणकारांना वेगळी वाट ठेवू असंही सांगितलं. माझी दूध केंद्राची ॲपं मात्र दुकानात नाहीतच. पाच-पंचवीस केंद्रांपुरतं काम, सचिवांना व्हॉट्सॲपवर फाइल पाठवतो आणि ते टाकून घेतात. खेड्यापाड्यांत असं काम करणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत, आणि त्यांना या तारखेची खबरही नसेल. या वेळी निदान वर्ष-दीड वर्ष आधी कळलं, हे कंपनीच्या बाजूनं लिहून ठेवतो.

ओळख पटवायला माझी हरकत नाही. नाव, बेंबळीचा पत्ता, मोबाईल क्रमांक, सरकारी ओळखपत्र, सगळं देईन. बदल्यात त्या बाजूच्या एका माणसाचं नाव आणि कामाच्या वेळेत उचलला जाणारा एक नंबर हवा. मराठी येत असेल तर उत्तम, हिंदीवरही भागेल. सकाळचं संकलन आठ-साडेआठला आटोपतं, त्यानंतर केव्हाही बोलता येईल.